पप्पांच्या रिक्षाचं पुढचं चाक

गुलमंडीच्या गर्दीत रिक्षा चालवून चालवून पप्पांची कंबर गेली. आता पट्टा बांधूनच गाडीवर बसतात. मी सॉफ्टवेअरवाला, म्हटलं, निदान कारण तरी शोधू.

प्रोजेक्ट क्रोनो हे मोफत मल्टिबॉडी सॉफ्टवेअर. चाक, दांडा, स्प्रिंग, डॅम्पर असे सुटे भाग सांध्यांनी जोडायचे. कोण किती हलेल ते गणित काढतं. डबल विशबोन, मॅकफर्सन स्ट्रट यांचे साचे तयार मिळतात, पण ते डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीसाठी. रिक्षाचं पुढचं चाक एकटं. त्याचा साचा मीच लिहिला. मापं रिक्षाखाली आडवं पडून टेपनं घेतली.

स्क्रीनवरच्या गतिरोधकावरून रिक्षा अलगद गेली. मग पप्पांच्या सीटखाली फोन बांधून गुलमंडी ते पैठण गेट फेरी मारली. फोनच्या आलेखात प्रत्येक गतिरोधकावर टोकदार सुळका!

पप्पांनी दोन्ही आलेख पाहिले. "ते खट्कन बसतं ना, ते कुठंय यात?"

नव्हतंच. स्प्रिंग पुरती दबली की दांडा रबराच्या स्टॉपरवर आदळतो. माझ्या मॉडेलमध्ये स्टॉपरच नव्हता. चाक खुशाल वर जात होतं. तो घातला आणि सुळका उगवला.

खाली वाकून पाहिलं, तर गाडीतलं रबर झिजून दगड झालेलं. शनिवारी बदललं. "खट्चं धप् झालं," पप्पा म्हणाले. कंबरेचा पट्टा मात्र अजून आहेच.

दहावीपर्यंत मी याच रिक्षातून शाळेत गेलो. मागं बसून ते खट् मला कधी ऐकूच आलं नव्हतं.