पाच सेकंदांची परीक्षा

मुलांनो, समजा तुम्हांला कोणी सांगितलं, 'या मैदानावर तीनशे मुलं उभी आहेत. त्यांच्यातून असा एक जण शोधा, जो पुढची दहा वर्षं आपला संघ सांभाळेल.' कसा शोधाल? कोणी म्हणेल, शर्यत लावू. कोणी म्हणेल, उंची बघू. एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल, 'बाई, आधी त्यांचा खेळ तर बघू या!'

अमेरिकेत दरवर्षी हे सगळं करतात. आणि तरीही भल्याभल्यांची फसगत होते. कशी, ते आज सांगते.

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे हं! त्यांचा चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं, नाहीतर फेकायचा. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त तिकडे असतो. त्याने एकदा तसा चेंडू आणला, तो मी वर्गात नेला. आमच्या चौथीने अर्धा तास नुसता धुमाकूळ घातला. एका मुलाला मात्र चेंडू झकास फेकता यायला लागला. मग मी दोघांना दोन दिशांना पळवलं आणि तिघांना सांगितलं, 'याला पकडा!' झालं! मघाशी अचूक फेकणारा आमचा पठ्ठ्या चेंडू पोटाशी धरून चक्क खाली बसला.

क्वार्टरबॅक नावाच्या खेळाडूचं काम अगदी हेच. चेंडू हातात आला की त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात आपले गडी कुठे पळताहेत ते बघायचं, कोण मोकळा आहे ते ठरवायचं आणि चेंडू फेकायचा. तेही समोरून शंभर-सव्वाशे किलोचे धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना! म्हणूनच चांगला क्वार्टरबॅक मिळाला की संघाचं नशीब पालटतं, असं तिकडे मानतात.

हे खेळाडू येतात कॉलेजांतून. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस व्यावसायिक संघ त्यांची निवड करतात. तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. ही पद्धत १९३६ सालापासून चालत आली आहे. तिचा नियम मला फार आवडतो. आदल्या वर्षी जो संघ सगळ्यांत मागे राहिला, त्याने पहिला खेळाडू निवडायचा! आज ३२ संघ आहेत आणि निवडीच्या ७ फेऱ्या होतात.

त्याआधी इंडियानापोलिस शहरात मोठी परीक्षा असते. खेळाडूंची उंची मोजतात, वजन करतात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजासुद्धा मोजतात! मग ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळायला लावतात आणि स्टॉपवॉच लावतात. उंच उडी, लांब उडी, डॉक्टरी तपासणी, मुलाखत, सगळं होतं. पूर्वी १२ मिनिटांत ५० प्रश्नांची बुद्धीची चाचणीही असायची. ती २०२२ मध्ये बंद केली.

आता ऐका गंमत. सन २००० च्या परीक्षेला मिशिगन विद्यापीठाचा एक मुलगा आला होता. टॉम ब्रेडी त्याचं नाव. अंगाने काटकुळा. ४० यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागली. स्टॉपवॉच खोटं बोललं नाही, मुलगा खरोखरच हळू पळत होता. निवडीच्या दिवशी एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. ब्रेडीच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. सहाव्या फेरीत, १९९ वा म्हणून, न्यू इंग्लंडच्या संघाने त्याला घेतलं.

दीड वर्षाने त्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला आणि ब्रेडीला संधी मिळाली. ३ फेब्रुवारी २००२ ला त्याचा संघ अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये उभा होता. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर. याची गोष्ट तर आणखी न्यारी! १९९४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने निवडलं नव्हतं. काही काळ तो किराणा मालाच्या दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर सामान लावत होता. म्हणजे बघा, सगळ्यांत मोठा सामना, आणि दोन्ही बाजूंचे सेनापती परीक्षकांनी मागे टाकलेले!

१७–१७ अशी बरोबरी होती. फक्त १ मिनिट २१ सेकंद उरली होती. थांबून दम खायची सोय नव्हती, कारण हक्काच्या विश्रांत्या संपल्या होत्या. ब्रेडीने घाई केली नाही. छोटे छोटे, नेमके पास देत त्याने संघ पुढे नेला. शेवटच्या क्षणी त्याच्या सोबत्याने चेंडू लाथेने गोलखांबांमधून पार केला. २०–१७! पुढे ब्रेडीने असे एकूण सात सुपर बोल जिंकले.

तुम्ही म्हणाल, 'मग ते परीक्षक बिनडोकच म्हणायचे!' नाही हं. १९९८ मध्ये पेटन मॅनिंगला पहिला म्हणून निवडलं, तो पुढे थोर खेळाडू ठरला. पण त्याच दिवशी दुसरा निवडलेला रायन लीफही तितकाच भारी, असं कित्येक जाणकार म्हणत होते. उंची, ताकद, फेक, सगळं होतं. २००१ नंतर तो एकही सामना खेळला नाही. मापं बरोबर होती, पण जे मापात येत नव्हतं तेच शेवटी कामी आलं.

मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ब्रेडीचा गुण काही तिजोरीत कुलूपबंद नव्हता. १ जानेवारी २००० रोजी, ड्राफ्टच्या साडेतीन महिने आधी, त्याचा कॉलेजचा संघ अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांनी मागे पडला होता. दोन्ही वेळा त्याने बरोबरी साधून दिली, आणि जादा वेळेत सामना ३५–३४ असा जिंकला. हे हजारो लोकांनी पाहिलं होतं! पण आकडा हातात आला की डोळ्यांनी पाहिलेलं आपण विसरतो.

बरं, पुढे सगळे शहाणे झाले का? २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी अगदी शेवटचा, २६२ वा निवडला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो आपल्या संघाला घेऊन सुपर बोलमध्ये पोचला. तो सामना हरला खरा, पण तिथवर पोचला!

आता पालकांशी दोन शब्द. मार्च-एप्रिल आला की मीही हातात लेखणी घेऊन परीक्षक होते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. पाढ्यांना अडखळते, भागाकाराला रडकुंडीला येते. गेल्या पावसाळ्यात शाळा सुटता सुटता ओढ्याला अचानक पाणी चढलं. मी धावत पोचेपर्यंत या मुलीने पहिली-दुसरीची अकरा पोरं उंचवट्यावर एका रांगेत बसवली होती आणि ती दर मिनिटाला त्यांना मोजत होती. अकरा, अकरा, अकरा. एकदाही चुकली नाही! प्रगतिपुस्तकात गणिताचा रकाना आहे. या मोजणीचा नाही. तिथे नोंदीसाठी दोन ओळी असतात, त्यांत मी ते लिहिलं. भागाकाराचे गुण मात्र होते तेवढेच ठेवले. तो तिला शिकायचाच आहे, आणि मला शिकवायचा.

तेव्हा मुलांनो, कमी गुण मिळाले तर 'परीक्षाच खोटी' म्हणू नका. ब्रेडीही पळायला हळूच होता आणि त्याला ते ठाऊक होतं. संघात आल्यावर त्याने वर्षभर बाकावर बसून खेळ शिकून घेतला, म्हणून संधी आली तेव्हा तो तयार होता.

आणि आईबाबांनो, निकालाच्या दिवशी एक काम कराल? प्रगतिपुस्तक उघडण्याआधी एका कागदावर तुमच्या मुलाची एक अशी गोष्ट लिहा, जी या वर्षी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि कुठल्याच परीक्षेने विचारली नाही. तो कागद आधी मुलाला वाचून दाखवा. मग खुशाल गुण बघा.