चिठ्ठीवर नाव नव्हतं

"मैडम, हेल्थ एंड वेलनेस आप देख लीजिए," म्हणत हेडमास्तरांनी पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. मी गणिताची. रायपूरच्या बिरगावकडच्या मिडल स्कूलमध्ये नुकतीच रुजू झालेली, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम २०२० साली सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी हे तास घ्यायचे असतात. विषय ११. पोषण, स्वच्छता, व्यसनं, इथपर्यंत ठीक. पण मनाचं आरोग्य? एकमेकांशी नातं? हे फळ्यावर कसं मांडायचं? रायपूरच्याच तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी राग आला की आजी म्हणायची, "पाणी पी नि गप बस." माझा या विषयातला अभ्यास एवढाच.

शनिवारी मुलं दप्तराविना येतात, म्हणून तो दिवस धरला. गोलात बसवून विचारलं, आज कसं वाटतंय? अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "अच्छा लग रहा है, मैडम!" संपला तास.

मग बुटांच्या खोक्याला फट पाडून प्रश्नपेटी केली. नाव लिहायचं नाही, मनातलं लिहायचं. मला वाटलं, चार चिठ्ठ्या पडल्या तरी खूप. खोकं भरलं. गणिताची भीती, मैत्रिणीचा अबोला, गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच काठ्यांवर, चढता येत नाही म्हणून हसणारे मित्र. आणि एक अशी: "पापा नाइट ड्यूटी करथे। दिन मा घर मा गोठियाना मना हे।" गोठियाना म्हणजे बोलणं.

नाव नव्हतं. पण रोज वह्या तपासणाऱ्या माणसापासून अक्षर लपतं का? वर्गात सगळ्यात जास्त गोंगाट करणारा हाच मुलगा. इथली निम्मी घरं उरला-सिलतराच्या कारखान्यांच्या पाळीवर चालतात. बाप दिवसा झोपला की पोरांनी कुजबुजायचं. त्याला जवळ बोलावून समजूत काढावी, तर अक्षर ओळखल्याचं कळणार, नि पुढच्या शनिवारी खोकं रिकामं. गप्प राहावं, तर विचारलंच कशाला?

दुसरा पेच याहून अवघड. एका चिठ्ठीच्या शेवटी होतं, "किसी को मत बताना." चिठ्ठीतलं भांडण किरकोळ होतं, सुटलं. पण उद्या कुणी अत्याचाराबद्दल लिहिलं तर? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणं शिक्षकालाही बंधनकारक आहे. गप्प बसणं हाच गुन्हा. म्हणजे "मी कुणाला सांगणार नाही" हे वचन मला देताच येत नाही. आता तासाच्या सुरुवातीलाच सांगते: कुणी त्रास देत असेल तर मी मदत बोलावणार. त्यानंतर चिठ्ठ्या कमी झाल्या. तरी हे आधी सांगणंच मला बरोबर वाटतं. फळ्याच्या कोपऱ्यात मुलांच्या मदतीचा फोन नंबर १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या टेली-मानसचा १४४१६ लिहून ठेवलाय. एक मुलगी म्हणाली, "फोन तो पापा के पास रहता है, मैडम." यावर पुस्तिकेत मला काही सापडलं नाही. हेडमास्तरांशी बोलून ऑफिसातला फोन मधल्या सुट्टीत मोकळा ठेवायचं ठरवलंय.

आणि तो मुलगा? त्याला काहीच बोलले नाही. फक्त पाढे म्हणवून घ्यायचं काम त्याच्याकडे दिलं, मोठ्याने. सतराचा पाढा सुरू झाला की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेतात.