दादा, पोरीचा फोन तिला परत दे

त्र्यंबकेश्वर,
पौष वद्य त्रयोदशी

प्रिय दादा,


पोर माझ्याकडे ठीक आहे. जेवते दोन घास, पण झोप अजून नाही. निवृत्तिनाथांची यात्रा आटोपली, दिंड्या परतल्या, घर शांत झालं आणि काल रात्री तिनं सगळं सांगितलं. तुला लिहू का, असं मी विचारलं. ‘लिही, पण पप्पांनी ओरडायचं नाही,’ म्हणाली. तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मगच बोल.

तुला स्टिकरचं तेवढं माहीत आहे. स्नेहसंमेलनातल्या नाचाचा फोटो कुणीतरी मधेच कापला, तिच्या रंगावरून आणि ओठांवरच्या लवीवरून त्यावर काहीबाही लिहिलं आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. पुढचं तुला ठाऊक नाही. तिला वगळून दुसरा ग्रुप झाला. तिच्या नावानं इन्स्टाग्रामवर खोटं खातं निघालं. डबा खायला तिच्याजवळ कुणी बसत नाही. रोज सकाळी तिचं पोट दुखतं त्याला तुम्ही ढोंग म्हणता. ते खरंच दुखतं रे. माझ्या वर्गातली अशी पोरं मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

तू फोन काढून घेतलास. काळजीनंच घेतलास, पण ते स्टिकर तिच्या फोनमध्ये नाही, बाकीच्यांच्या फोनमध्ये आहे. आता फरक एवढाच की आपल्याबद्दल काय चाललंय हे तिला कळत नाही आणि ती रात्रभर ते मनानं रचत बसते. शिवाय ती एक गोष्ट शिकली: घरी सांगितलं की शिक्षा आपल्यालाच होते. पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते.

परवा तिला निवृत्तिनाथांच्या समाधी मंदिरात घेऊन गेले होते. रांगेत तिनं विचारलं, ‘आत्या, यांनापण चिडवायचे ना?’ चिडवायचे म्हणजे काय, वाळीत टाकलं होतं. बाप संन्यास सोडून संसारात परतला म्हणून चारही लेकरं ‘संन्याशाची पोरं’ ठरली. मुंज नाकारली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, अशी परंपरा सांगते, आणि तरी पोरांवरचा बहिष्कार उठला नाही. ही गोष्ट आपण कीर्तनात हजारदा ऐकली. तेव्हा चमत्कारांकडे कान असतात, त्या चार पोरक्या लेकरांकडे नसतात. याच ब्रह्मगिरीच्या फेरीत वाघ आला, घरच्यांची पळापळ झाली, निवृत्ती एकटा गुहेत शिरला आणि तिथं त्याला गहिनीनाथ भेटले. आपण याला गुरुकृपा म्हणतो, आणि ती आहेच. पण मी शिक्षिका म्हणून एवढंच बघते, की ज्या मुलाला सगळ्यांनी हाकललं त्याला एका मोठ्या माणसानं जवळ बसवून घेतलं.

आणि ज्ञानोबा? लोकांच्या बोलण्यानं व्यथित होऊन ते झोपडीची ताटी लावून बसले. ताटीचे अभंग आहेत ते मुक्ताईचे, सगळ्यात धाकट्या बहिणीचे. ताटी तोडून ती आत शिरली नाही. बाहेर थांबून आर्जवं करत राहिली.

तू म्हणशील, चिडवाचिडवी आपणही सोसली. सोसली, पण शाळा सुटली की ती सुटायची. हिची अंथरुणापर्यंत येते. आणि सोसणं फुकट जात नाही. ब्रिटनमध्ये 1958 साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा संशोधकांनी पन्नाशीपर्यंत मागोवा घेतला. लहानपणी ज्यांचा वारंवार छळ झाला, त्यांच्यात नैराश्याचं आणि चिंतेचं प्रमाण पन्नाशीतही जास्त आढळलं. हे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत मुलं ‘मजाक केली’ म्हणतात ना, तिचा हिशेब इतका लांब चालतो.

वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. तो जातपंचायतींसाठी आहे, नववीच्या वर्गासाठी नाही, हे मला कळतं. पण मोठ्यांनी केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल इतकं गंभीर जे आहे, ते मुलांनी केलं की ‘पोरवय आहे’ म्हणून सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. त्या पोरांना तुरुंग नको, पण कुणीतरी समोर बसवून विचारायला हवं. जे नुसते बघत हसले त्यांनाही. फिनलंडमधल्या शाळांत ‘किवा’ नावाचा कार्यक्रम चालतो, त्याचा रोख मुख्यतः या बघ्यांवर असतो. ते हसायचे थांबले की चिडवणाऱ्याला मजा उरत नाही.

आता एक जड गोष्ट. काल मी तिला सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का? ‘एकदा वाटलं होतं,’ म्हणाली. घाबरू नकोस, विचारल्यानं असले विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. आम्ही दोघींनी 14416 ला, टेलिमानस हेल्पलाइनला, फोन केला. तो फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं, आणि ‘लोक काय म्हणतील’ हे वहिनीनं मधे आणू नये.

सोमवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघी येतो. तू रजा टाक. फोन तिला परत दे, त्यातलं काही पुसू नकोस. स्क्रीनशॉट काढून ठेवायचेत. खोट्या खात्याची तक्रार इन्स्टाग्रामकडे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मी तिच्यासमोरच करेन. मुख्याध्यापकांना तोंडी नाही, लेखी द्यायचं, पोच घ्यायची आणि शाळेच्या सखी सावित्री समितीपुढे विषय ठेवा म्हणायचं. त्या मुलांच्या घरी भांडायला जाऊ नकोस. तिनं तुला एवढंच विचारायला सांगितलंय, की शाळेत तू तिच्या शेजारी बसशील की बाहेर थांबशील. उत्तर तिलाच दे, माझ्या फोनवर, आजच.

तुझी,
बहीण