ताळ्याला गुण नाहीत

दहावीचं गणित म्हणजे दोन पेपर. भाग एक बीजगणित, भाग दोन भूमिती. प्रत्येकी ४० गुण, दोन तास. उरलेले २० शाळेच्या हातात. आमच्या वेळी ७५ आणि ७५ अशी दीडशेची बेरीज असे. २०१८ साली पुस्तकं बदलली, प्रश्नपत्रिकेचा आराखडाही बदलला. पालकसभेतला प्रश्न तेवढा तोच राहिला : "सर, पेपरला काय येणार?"

*

वडिलांच्या वयात मुलाच्या वयाची दुप्पट मिळवली तर ७०, मुलाच्या वयात वडिलांच्या वयाची दुप्पट मिळवली तर ९५. दहावीची मुलं हे गणित झोपेतही सोडवतात. पूर्वपरीक्षेच्या गठ्ठ्यात एका मुलीने समीकरणं अचूक मांडली, क्ष आणि य बरोबर काढले आणि शेवटच्या ओळीत लिहिलं : वडिलांचे वय १५ वर्षे, मुलाचे वय ४० वर्षे. खाली पट्टीने दोन रेघा.

उत्तरसूचीप्रमाणे तिचा अर्धा गुण गेला. नियमाने ठीकच. पण मुलापेक्षा २५ वर्षांनी लहान बाप तिला खटकला कसा नाही, याला उत्तरसूचीत जागा नाही. चौथीत भागाकाराखाली 'ताळा' लिहिल्याशिवाय बाई पुढचं उदाहरण देत नसत. भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. माध्यमिक शाळेत आल्यावर तो ताळा कुठे जातो? कुठेही जात नाही. त्याला गुण नाहीत म्हणून मुलं लिहीत नाहीत, आणि मुलं लिहीत नाहीत म्हणून आम्ही विचारत नाही.

*

आराखडा मुलांना पाठ असतो. पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे आठ, त्यातले चार बहुपर्यायी. मग कृती. मग दोन गुणांची, तीन गुणांची, चार गुणांची उदाहरणं. शेवटी पाचवा प्रश्न : दोनपैकी एक, तीन गुण. डोकं खाजवायला लावणारं काही आलंच तर इथे येतं. क्लासवाले सरळ सांगतात, "पाचवा सोडून द्या, ३७ पक्के करा." चुकीचं सांगत नाहीत. आराखडाच तसा आहे.

*

कृती म्हणजे अर्धवट सोडवून दिलेलं उदाहरण. मुलाने फक्त चौकटी भरायच्या. हेतू भला होता. ज्याला सगळं जमत नाही त्याच्याही पदरात काही पडावं. पण विचार ज्या जागी करायचा, नेमकी तीच जागा छापून आलेली असते.

प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या. त्याच्या सिद्धतेत कसोटीच्या जागा दोनच. समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात असतात, हे आकृतीत दिसायला हवं. आणि एकाच पायावरचे, समांतर रेषांमधले दोन त्रिकोण क्षेत्रफळाने सारखे, हे ऐन वेळी सुचायला हवं. बाकीची सिद्धता म्हणजे लिखापढी. चौकटीत आपण या दोन्ही गोष्टी देतो आणि लिखापढी विचारतो.

एका तासाला मी पुस्तक मिटायला लावलं आणि फळ्यावर नुसती आकृती काढली. पक्ष आणि साध्य लिहिलं, पुढे काही नाही. बराच वेळ कोणी पेन उचललं नाही. दोघांनी 'गाइड बघू का?' म्हणून विचारलं. मग एकीने वही आडवी फिरवली. "सर, पाया हा धरला तर दोघांची उंची एकच आहे की!" तिथून पुढे वर्गाने प्रमेय ओढत नेलं. भांडत, खोडत, फळ्यावर गर्दी करत. त्या तासाला तेवढं एकच प्रमेय झालं. टाचणात आणखी तीन उदाहरणं लिहिलेली होती, ती राहिली. राहू देत. त्या तासाचा एकही गुण कोणाच्या गुणपत्रिकेत उतरला नसेल.

*

'पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा' असं विचारलेलं असताना मुलगा सूत्राने सोडवतो. मुळं बरोबर येतात, गुण मिळत नाहीत, घरी आरडाओरड होते. इथे मी परीक्षकाच्या बाजूने आहे. सूत्र पूर्ण वर्गातूनच जन्मलं. ती पायरी गाळली तर सूत्र म्हणजे आकाशातून पडलेला मंत्र.

उलट, पद्धत सांगितलेलीच नसताना कोणी दोन ओळींत उत्तर काढलं की 'रीत अपूर्ण' म्हणून गुण कापायचे, हे मला कधीच पटलेलं नाही. वरचंच वयाचं गणित बघा. दोन्ही समीकरणं मिळवा, तिनाने भागा : वयांची बेरीज ५५. वजा करा : फरक २५. झालं. तरी निम्मा वर्ग क्रेमरच्या पद्धतीने निश्चयक मांडत बसतो, कारण त्या रीतीचे टप्पे ठरलेले आणि टप्प्यांचे गुणही ठरलेले.

*

टप्प्यांच्या गुणांची मात्र मी थट्टा करणार नाही. सूत्राला अर्धा, किमती घालण्याला अर्धा, आकडेमोडीला एक. शेवटी ७ गुणिले ८ चोपन्न लिहिणाऱ्या मुलाचं सगळं वाहून जात नाही. आपल्या परीक्षापद्धतीतली ही सर्वांत माणुसकीची गोष्ट. आठवी-नववीपासून 'फाउंडेशन' क्लासला जाणारी मुलं चार पर्यायांतून एक निवडायला सरावतात आणि रीत लिहायला कंटाळतात. कच्चं काम पेपराच्या कोपऱ्यात, तेही खोडलेलं. ते कोपरे मी आधी वाचतो.

*

पत्ते. शाळेत दप्तरात कॅट सापडला तर मुख्याध्यापकांकडे रवानगी. दहावीच्या संभाव्यतेत मात्र ५२ पत्ते नीट पिसलेले असतात आणि बदामची राणी मिळण्याची संभाव्यता काढायची असते. काही घरांतल्या मुलांना चित्राचे पत्ते १२ हे पाठ करावं लागतं. शेवटी मीच कॅट वर्गात नेला. त्या आठवड्यात संभाव्यता सगळ्यांना आली.

*

अर्थनियोजनाचं प्रकरण चांगलं आहे. जीएसटी देशात लागू झाला जुलै २०१७ मध्ये आणि पुढच्याच वर्षी दहावीच्या पुस्तकात आला. सरकारी पुस्तकाला हा वेग शोभत नाही, पण कौतुक केलंच पाहिजे. किराणा दुकानदाराची मुलगी या प्रकरणात वर्गाची मास्तरीण होते.

*

अंतर्गत २० गुण : गृहपाठाला १०, बहुपर्यायी चाचणीला १०. मी पाहिलेल्या याद्यांत हे गुण १७ च्या खाली क्वचितच उतरतात. गृहपाठ एकाचा असतो, वह्या चाळीस. सगळ्यांना ठाऊक, सगळे गप्प.

हेच २० गुण खरे कामाचे होते. इथे बाहेरचा परीक्षक नाही, उत्तरसूची नाही, बारकोड नाही. मुलाला समोर बसवून "हे असं का केलंस?" एवढं विचारायला शिक्षक मोकळा होता. साठ जणांच्या वर्गात ते कसं जमायचं, हा आक्षेप खरा आहे. पण सत्रात एकदा, पाच मिनिटं, एवढं जमतं. आम्ही ते केलं नाही, कारण कमी गुण दिले तर शेजारच्या शाळेचा निकाल पुढे जातो.

*

आठवीपर्यंत कोणी नापास होत नसे. २०१० पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे रकाने भरण्यात आमची संध्याकाळ जाई. मूल नववीत येई ते बहुपदीच्या दारात आणि अपूर्णांकांची बेरीज मागेच राहिलेली. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी साधारण ४३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. सर्वेक्षण देशातल्या निवडक जिल्ह्यांतलं होतं, पण नववीच्या कुठल्याही शिक्षकाला त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही. आता पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आली. मूल नापास झाल्यावर त्याला भागाकार कोण शिकवणार, ते कळायचं आहे.

*

द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली जागा नाही. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता तीच पुन्हा पुन्हा येते. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. जगभर नाव व्हायला १९७५ उजाडावं लागलं, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात लिहिलं तेव्हा.

आठवीच्या ऑफ तासाला मी हे देतो. हातच्याची वजाबाकी न येणारी मुलंही पानभर वजाबाक्या करतात, आणि सात पायऱ्यांत ६१७४ आली नाही की कुठेतरी चुकलं, हे त्यांना स्वतःलाच कळतं. ताळा आतच बसवलेला आहे.

*

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली : राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात गणित आणि विज्ञानाच्या उत्तीर्णतेची रेषा ३५ वरून २० वर आणायचं ठरतं आहे; गुणपत्रिकेवर मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा. चहाच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. एक म्हणे दर्जा बुडाला, दुसरा म्हणे कलाशाखेच्या पोरांचा जीव सुटला. मी दुसऱ्या तटाकडे झुकतो. एका विषयापायी शाळा सुटलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांत उत्तम गाणारी होती, उत्तम गाडी दुरुस्त करणारी होती. फक्त रेषा खाली घेतल्याने गणित शिकवण्यात काही फरक पडेल, असं कोणी समजू नये. रेषा कुठेही असली तरी तिच्या वरचा पेपर तोच आहे.

*

पेपर काढणाऱ्या मंडळींना एक विनंती. चौकटींचा एक प्रश्न काढा आणि त्याच्या जागी पूर्ण सोडवलेलं, पण चुकलेलं उदाहरण छापा. उदाहरणार्थ : क्ष² = ५क्ष; दोन्ही बाजूंना क्षने भागले; म्हणून क्ष = ५. खाली विचारा : चूक कोणत्या पायरीत आहे, का आहे, कोणतं मूळ हरवलं? तीन गुण द्या. मार्चच्या पेपरात हा प्रश्न एकदा आला की जूनपासून राज्यातल्या प्रत्येक वर्गात ताळा शिकवला जाईल. क्लासमध्येसुद्धा.