घेवडी जेवत नाही

३ ऑगस्ट २०२५, रविवार
पिल्लू आलं. मंडईच्या मागच्या अंगाला रिकाम्या क्रेटमध्ये होतं, श्रावणघेवड्याच्या देठांवर. आई टेम्पोखाली गेली असं भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. बाकीची कोणी कोणी उचलली, ही उरली. तपकिरी, पुढचा एक पाय पांढरा. दीड-दोन महिन्यांची असेल.
नाव सुहासने ठेवलं. घेवडी.
नानांनी चष्मा काढून बघितलं, पुन्हा घातला. म्हणाले, ‘श्रावणात आलीय. बघा काय खाते ते.’
काही खाल्लं नाही.

४ ऑगस्ट
रात्रभर कपाटाखाली. स्टीलच्या ताटलीत दूध-पोळी तशीच, वर साय धरलेली.
डॉक्टरबाईंकडे नेलं. वजन २ किलो ४००. अंग १०१.६, म्हणजे ताप नाही. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. हिरड्या गुलाबी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, लगेच जागेवर बसली. पार्व्होची चाचणी केली, तो नाही. जंताचं औषध पाजलं. लस जरा सावरली की.
बाई भराभर बोलतात. पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. दूध बंद, बऱ्याच पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, ढाळ लागतात. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट तिच्या तोंडाशी येईल असं ठेवायचं नाही. चार वेळा, थोडं थोडं. एवढंसं पिल्लू दिवसभर उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते. लुळी पडली, थरथरली तर हिरड्यांना मध चोळून तडक या. उलट्या, रक्ताचे जुलाब, पांढऱ्या हिरड्या यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.
मधाची बाटली ओट्यावर काढून ठेवली.

५ ऑगस्ट
चिकन उकडून द्या म्हणाल्या होत्या. श्रावणात. नानांना विचारायला सुहास गेला, मी दाराआड.
‘कुत्र्याला कसला श्रावण? मात्र ओट्यावर नको.’
गॅलरीत जुना वातीचा स्टोव्ह काढला. वास सगळ्या वाड्यात. खालच्या काकूंनी मान वर करून बघितलं, बोलल्या काही नाहीत.
चिकन, मऊ भात, लाल भोपळा कुस्करून. मीठ नाही. हुंगलं. मागे सरकली. शेपूट पोटाखाली.

६ ऑगस्ट
पहाटे अंधारात चपचप आवाज. उठले नाही. उजाडल्यावर बघितलं, ताटली अर्धी रिकामी.

७ ऑगस्ट
सकाळी चार घास. संध्याकाळी तोंडही लावलं नाही. साडेसहाला नदीपात्रातले गणपतीच्या सरावाचे ढोल सुरू झाले, खिडक्या लावून घेतल्या. या वर्षी पथकं वाढली असावीत, नाहीतर माझं वय.

८ ऑगस्ट
माझ्या हातातून खाल्लं. जिभेचा ओला स्पर्श, दातांच्या सुया. बोट चावलं तर स्वतःच दचकली.
सुहासने लगेच फोटो काढला. क्लिक झालं, ही कपाटाखाली.

९ ऑगस्ट
राखीपौर्णिमा. नणंदा, त्यांची मुलं, नारळीभात. मुलं कपाटाखाली पालथी पडून ‘घेवडी, घेवडी’. ताटली पुढे सरकवायची, मागे ओढायची. तिने जागेवरच शू केली.
घरात सगळे जेवले. ही नाही.

१० ऑगस्ट
सल्ले. तूप घाला. सुकट घाला (श्रावण!). भूक लागली की येईल झक मारत. आमच्याकडचं तर दगड खायचं. खालच्या काकू मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या, दृष्ट काढली. घेवडीने एक मोहरी चाटली. दिवसभरातलं तेवढंच.
रात्री मध हिरडीला लावला. बोट हलवत राहिले. तीही बघत राहिली.

११ ऑगस्ट
सर्वोच्च न्यायालयाचा आदेश: दिल्ली आणि भोवतालची मोकाट कुत्री उचला, निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका. टीव्हीवर आरडाओरड. वाड्याच्या दारात दोन तट पडले. कुत्री चावतात हे खरं, रेबीज झाला की माणूस वाचत नाही हेही खरं. पण इतक्या कुत्र्यांना ठेवणार कुठे, आणि रोज जेवायला कोण घालणार? मला एकीचं जमेना.

१२ ऑगस्ट
नाना सकाळी मऊ भात जेवत होते. समोर आम्ही दोघं उकिडवे, घेवडीच्या ताटलीभोवती. म्हणाले, ‘माझ्याभोवती कोणी असं बसलं तर मीही उठून जाईन. व्हा बाजूला.’
झालो बाजूला. नाना पेपर उघडून बसले, तिच्याकडे पाठ. थोड्या वेळाने पेपरामागून म्हणाले, ‘खातेय. येऊ नका.’

१३ ऑगस्ट
पहिली लस. वजन २ किलो ५५०. बाईंना सांगितलं, सकाळी खाते, रात्री एकटी असली की खाते, संध्याकाळी मेलं तरी नाही. त्यांनी लिहून घेतलं. आणखी म्हणाल्या, खात नाही म्हणून रोज नवा पदार्थ काढू नका. एकच ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी उचला, पुढच्या वेळी ताजं द्या. मागे लागायचं नाही, रागवायचं नाही, लाडीगोडी नाही.
लशी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर पाय टेकवायचा नाही. पण कडेवर घेऊन फिरवा. साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघतील, ऐकतील ते पिल्लांच्या अंगवळणी पडतं, नंतर जड जातं.
कडेवर घेऊन लक्ष्मी रोडला जाऊन आले. सगळा वेळ नाक माझ्या काखेत.

१४ ऑगस्ट
संध्याकाळी सात. खिडक्या बंद. ताटली जमिनीवर, शेजारी पाण्याची वाटी. मी पोळ्या लाटत होते, नजर सहज गेली. वाटीतलं पाणी हलतंय. बारीक वर्तुळं, मधून काठाकडे. ठेका थांबला की थांबतात, टोल पडला की पुन्हा.
लाकडी जमिनीवर तळवा ठेवला. हाताला कळतं. फडताळातल्या वाट्याही किणकिणत होत्या. इतकी वर्षं या आवाजात राहतेय, ऐकूच येत नव्हत्या.
ती पोट टेकून जमिनीवर झोपते.

१५ ऑगस्ट
सुहासने वाचलंय, आपल्याला जास्तीत जास्त वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत. नाना म्हणाले, ‘ते वरचे स्वर. ढोल खालचा. तो कानाने नाही, बरगड्यांनी ऐकतात.’ नाना तरुणपणी लेझीम खेळायचे.
सुट्टी होती. कसब्यात कुंभारवाड्यात जाऊन मातीचं परळ आणलं. जुनी गोधडी चौपदरी, वर परळ. स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत, नदीकडची भिंत सोडून.
संध्याकाळी परळापर्यंत आली. दोन घास. गेली.

१६ ऑगस्ट
दहीहंडी. चौकात स्पीकरची भिंत. आज परळ वगैरे काही नाही. सुहास तिला घेऊन न्हाणीघरात बसला, दार लावून.

१७ ऑगस्ट
सकाळचं खाणं परळ चाटूनपुसून. नानांच्या पेपरामागे बसून खाते. पेपर संपला तरी नाना उठत नाहीत.

१८ ऑगस्ट
पाऊस.

१९ ऑगस्ट
पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं. नदीपात्रातला रस्ता बंद.

२० ऑगस्ट
पाणी चढलेलंच. एकतानगरीत घरांत शिरलं, सुहासच्या ऑफिसातल्या एकाला लेकरं घेऊन भावाकडे जावं लागलं. त्याची आई पायऱ्या उतरायला तयार नव्हती.
नदीपात्रात सरावाला जागाच नाही. संध्याकाळी सात. वाटीतलं पाणी स्थिर. घेवडी आली, बसली, सगळं जेवली. परळ नाकाने ढकलत भिंतीपर्यंत नेलं.
कोणाचा पूर, कोणाचं काय. लिहितानाही बरं वाटत नाही.

२१ ऑगस्ट
पुन्हा जेवली. सात वाजता. ढोल नाहीत.

२२ ऑगस्ट
पाणी ओसरतंय. गणपती बुधवारी, पथकं थांबणार नाहीत. बाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं:
मोबाईलवर ढोल लावा. इतका हळू की कान टवकारेल, पण खाणं सोडणार नाही. आधी आवाज, मग घास. उलटं नाही. आवाज बंद, घास बंद. घास नाकारला म्हणजे आवाज तिला झेपत नाही, एक पायरी खाली. घाई नको. दोन-तीन मिनिटं पुरेत. शिवाय खरे ढोल सुरू व्हायच्या आधी, पाचलाच जेवण.
न्यायालयाने आपला आधीचा आदेश बदलला. निर्बीजीकरण, लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडायची. रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी वगळून. खायला घालायला ठरावीक जागा. वाड्याच्या दारातले दोन्ही तट नाराज.

२३ ऑगस्ट
श्रावण संपला. स्टोव्ह गॅलरीतच राहू दे, म्हणाले नाना.
मोबाईलवर ढोल. अगदी हळू. घास घेतला. पुन्हा ढोल, पुन्हा घास. तिसऱ्याला माझ्या हाताकडेच बघत बसली.

२४ ऑगस्ट
सराव सुरू. आवाज लांबून येतोय, जागा बदलली असावी. पाचला जेवण झालेलं. सात वाजता कपाटाखाली गेली. पण डोकं बाहेर.

२५ ऑगस्ट
तळमजल्यावरची सई पथकात आहे. तिचा ढोल जिन्यात, पिशवी काढून ठेवलेला. घेवडीला कडेवरून खाली आणलं. बराच वेळ लांबूनच. मग मान ताणून हुंगलं. फायबरच्या पानाला कसला वास येणार, हिने दोरी धरली. सई ओरडली, ‘काकू, कालच ताणलाय हो!’
दोरीजवळ चिकनचा तुकडा ठेवला. खाल्ला. सईने बोटाने पानावर टक केलं. कान मागे. दुसरा तुकडा. खाल्ला.
टिपरू हातात घेऊ दिलं नाही सईला.

२६ ऑगस्ट
हरतालिका. मी उपाशी, ती जेवली.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. सकाळपासून मिरवणुका. घेवडी मधल्या खोलीत, पंखा जोरात, रेडिओ चालू, दार लोटलेलं. पंचखाद्यात बेदाणे, म्हणून ताट फडताळाच्या वरच्या फळीवर.
दुपारचं नाही खाल्लं. रात्री साडेदहाला खाल्लं. चालेल.

२८ ऑगस्ट
आमचा गणपती दीड दिवसाचा. बादलीत विसर्जन. घेवडी बादलीतलं पाणी प्यायला निघाली, सुहासने धरली.

३१ ऑगस्ट
मोबाईलचा आवाज निम्म्यावर आणला. खाते. मध्येच थांबून खिडकीकडे बघते, पुन्हा खाते.

२ सप्टेंबर
आज ढोल चालू असताना परळाशी आली. खाल्लं नाही. पाणी प्यायली.

३ सप्टेंबर
नाना म्हणाले, विसर्जनाला हिला इथे ठेवू नका. ते स्वतः हलणार नाहीत. खिडकीतली खुर्ची ठरलेली आहे. सुहास त्यांच्याबरोबर राहील, मी घेवडीला घेऊन आईकडे सासवडला.
सगळ्या आवाजांची सवय करायलाच हवी असं नाही. काही आवाजांपासून उठून जावं.

५ सप्टेंबर
सासवड. परळ, गोधडी सोबत. दिवे घाटात ओकली. आईने दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला. घेवडीने तो झेपेने पळवला. आई खूश.

६ सप्टेंबर
अनंत चतुर्दशी. नाना फोनवर मिरवणूक सांगत होते, कोणता गणपती कुठे पोहोचला. मागे ढोल. फोन स्पीकरवर होता. ती परळात तोंड घालून. मान वर केली नाही.

७ सप्टेंबर
चंद्रग्रहण. दुपारपासून वेध. आईने एकच्या आत सगळ्यांना जेवायला बसवलं, दही-दुधात तुळशीची पानं टाकली, भांडी पालथी. नानांचा फोन, ‘अजून चालूच आहे मिरवणूक. आणि ते वेध तुमचे तुमच्यापाशी. पिल्लाला उपाशी ठेवू नका.’
रात्री नऊला परळ भरलं. आईने बघितलं, बोलली नाही. घरात जेवलेली ती एकटी.

९ सप्टेंबर
पुण्यात परत. दुसरी लस, त्याबरोबर रेबीजची. वजन ४ किलो ५००. डॉक्टरबाईंनी खाण्याचं विचारलं. खाते म्हटलं.