मामांची फाईल

कंग्राळी हे माझे आजोळ. गोव्यातून चोर्ला घाट चढायचा, बेळगाव गाठायचे आणि तिथून मार्कंडेय नदीच्या बाजूला वळायचे. मे महिन्यातला हा प्रवास आमच्या पिढीतल्या अनेकांच्या ओळखीचा असेल. थोरले मामा बांधावर बसलेले असायचे, ओठात बिडी. निपाणीच्या तंबाखूचे कौतुक मी त्यांच्याच तोंडून ऐकले.

त्याच मामांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. खोकला, थुंकीतून रक्त, दिवसेंदिवस खंगणे. एका डॉक्टरांनी क्षय समजून तीन महिने गोळ्या दिल्या. आपल्याकडे असे पुष्कळदा घडते, कारण दोन्ही आजारांची लक्षणे सारखी आणि एक्स-रेवरचा डागही फसवा. मग सीटी स्कॅन, बायोप्सी आणि वणवण. शस्त्रक्रियेचे डॉक्टर एकीकडे, किरणोपचारांचे दुसरीकडे, केमोथेरपीचे तिसरीकडे. प्रत्येकाचे मत वेगळे, आणि एकाचा निरोप दुसऱ्याला सांगायचा तो आजारी माणसानेच. फाईलची पिशवी मांडीवर घेऊन मामा एकदा म्हणाले, "मी काय पोस्टमन हाय काय रे?"

शेवटी ज्या इस्पितळात गेलो तिथे वेगळी रीत होती. ट्यूमर बोर्ड म्हणतात तिला. हे तिन्ही डॉक्टर, स्कॅन वाचणारे आणि बायोप्सी तपासणारे एका टेबलाभोवती बसतात. गाठ कोणत्या जातीची, कुठवर पसरली, माणसाला काय झेपेल हे सगळे मांडून एकच सल्ला देतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात प्रत्येक अवयवाच्या कर्करोगासाठी असे गट आहेत. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे लहान गावांतल्या डॉक्टरांनाही दूरस्थ बैठकीत आपला रुग्ण मांडता येतो.

मामांचा आजार पसरला होता, शस्त्रक्रिया शक्य नव्हती. पण त्याच टेबलावर वेदना शमवणाऱ्या डॉक्टर बाईही होत्या. आमचा समज असा की त्यांची पाळी अगदी शेवटी येते. बोस्टनमधल्या १५१ फुप्फुस-कर्करोगींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना पहिल्यापासून ही सेवा मिळाली त्यांना नैराश्य कमी आले आणि ते सरासरी ११.६ महिने जगले, इतर ८.९ महिने.

आम्ही घरच्यांनी मामांपासून आजाराचे नाव लपवले होते. बाईंनी सरळ त्यांनाच विचारले, "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" मामी पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. मामा म्हणाले, "सगळं सांगा की. पेरणीचं बघाय पाहिजे."

त्या पावसाळ्यात भात पेरले गेले. जमिनीची कागदपत्रे झाली, धाकट्या भावाशी पंधरा वर्षांचा अबोला मिटला. मॉर्फिनच्या गोळ्यांनी रात्रीची झोप लागायची. दर आठवड्याला नर्सचा फोन यायचा, आणि ती आधी मामीची विचारपूस करायची. सुगीनंतर मामा घरीच गेले, आपल्या माणसांत.

एकत्र बसण्याने मामा बरे झाले नाहीत, हे मान्य. पण निरोप्याचे काम त्यांच्यावरून उतरले आणि उरलेले दिवस त्यांचे स्वतःचे झाले. तुमच्या घरी असा प्रसंग न येवो. आलाच तर डॉक्टरांना एक प्रश्न न संकोचता विचारा: "सगळ्यांनी मिळून हे पाहिलंय का?"