मोरीची नाळ

केरी, पेडणे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, वाळूवर आली. पेडवे, लेपे, खेकडे, आणि जाळ्याच्या घोळात वीतभर लांबीची एक मोरी. हातात घेऊन उलटी केली. छातीच्या दोन परांच्या मधोमध, पांढऱ्या पोटावर एक बारीक चीर होती, अजून न मिटलेली. तिथे नाळ होती. हे पिल्लू आईच्या पोटात वाढलेले, आणि जन्मून फार दिवस झालेले नाहीत.

•

मोरी म्हणजे छोटी शार्क. आपल्या ताटात सर्वाधिक येणारी ही मोरी, शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. तिचे अंडे जेमतेम १ मिलिमीटरचे. त्यात बलक जवळजवळ नसतोच, म्हणून गर्भाची सगळी भिस्त आईच्या वारेवर. पिल्लू बाहेर येते ते १२ ते १५ सेंटिमीटरचे. एक-दोन वर्षांत तीच आई होते.

•

डिचोलीचा बुधवारचा बाजार. छोट्या मोऱ्यांच्या वाट्यापाशी एक आजी थांबल्या. घरात बाळंतीण आहे, तिला दूध यावे म्हणून मोरी हवी. कोकणात आणि गोव्यात ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. वाट्यातल्या दोन मोऱ्यांच्या पोटावर तीच चीर दिसली. नाळेने पोसलेले पिल्लू एका लेकुरवाळीच्या ताटात चालले होते. मला त्या आजींना काही सांगायचे नव्हते. घरी येईपर्यंत मात्र ती चीर डोळ्यांपुढून हलली नाही.

•

तिकडे उत्तर अटलांटिकच्या गोठत्या पाण्यात मोरीची एक दूरची नातलग, ग्रीनलंड शार्क, राहते. २०१६ साली ज्युलियस निल्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये २८ माद्यांची वये मांडली. डोळ्यांच्या भिंगातला कार्बन तपासून ती काढली होती. सर्वांत मोठी मादी ५.०२ मीटरची, वय सुमारे ३९२ वर्षे, १२० वर्षे इकडे किंवा तिकडे. वयात यायलाच त्यांना दीडशे वर्षे लागतात.

१६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी डिचोलीतल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ नव्याने बांधवले. मधला आकडा धरला तर ती मादी तेव्हा चाळिशी उलटलेली होती, आणि तरी पोरच होती.

•

कॅनडात सेंट लॉरेन्सच्या मुखाशी जेफ्री गॅलंट आणि त्यांचे सोबती त्या शार्कसाठी बुड्या मारतात. अंग गोठवणारे पाणी आणि अंधूक उजेड. शार्क पोहते माणसाच्या रमतगमत चालीपेक्षाही हळू. तिच्या डोळ्याला पुष्कळदा एक परजीवी लटकलेला असतो. तरी ती शतकानुशतके जगते. तिला भेटायचे तर माणसालाच तिच्या घरी जावे लागते.

•

आपल्याकडे बुडी मारणारे वास्कोजवळच्या ग्रांद बेटाकडे जातात, तेही पावसाळा सोडून. तेरेखोल आणि शापोरा जिथे समुद्राला मिळतात, तिथले पाणी इतके गढूळ की कोपरापर्यंत हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत. मोरीला त्याची अडचण नाही. तिच्या मुस्कटावरच्या सूक्ष्म छिद्रांना इतर प्राण्यांच्या अंगातली क्षीण वीजही जाणवते.

अडचण आपली आहे. म्हणून इथला शार्कचा अभ्यास होड्या लागतात त्या वाळूवर चालतो: फूटपट्टी, तराजू, वही. नर की मादी, लांबी किती, जाळे कुठे टाकले होते, नाळेची चीर उघडी की मिटलेली. चीर उघडी असेल तर पिल्लू जन्मठिकाणाहून फार दूर गेलेले नसते. तेवढ्या खुणेवरून मोऱ्या कुठे वितात याचा माग लागतो.

•

लिन्सोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात होता. १५९६ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या नद्यांमधल्या शार्कचे वर्णन आहे. त्यांच्या भीतीने लोक नदीत उतरत नाहीत, आंघोळीसाठी हौद बांधतात, असे तो लिहितो. सव्वाचारशे वर्षांत भीतीने बाजू बदलली. आता घाबरायचे ते मोरीने.

•

देवमाशाएवढी व्हेल शार्क २००१ पासून कायद्याने संरक्षित आहे. वीतभर मोरीला तसे छत्र नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हे चांगलेच. पण मोरी बारमाही विते.

•

पुन्हा केरी. रापणीचे एक बरे असते, मासळी बहुतेक जिवंत वाळूवर येते. आज एका रापणकाराने माझ्या हातातली मोरी मागितली. मी विचारायच्या आधीच त्याने ती उलटी करून चीर पाहिली, गुडघाभर पाण्यात गेला आणि सोडून दिली.

वहीत लांबी लिहिली: १४ सेंटिमीटर. पुढे लिहिले: परत गेली.